कापूस जड की लोखंड

सहा वर्षं तुम्ही मुलांना खोटं तोलून दाखवलंत, आणि ते ज्याने पकडलं त्याला दाराबाहेर काढलंत. साहेब, हे तुम्हालाच उद्देशून आहे. मुलांच्या विज्ञानघराचा कारभार ज्यांच्या सहीने चालतो, त्या तुम्हाला. दालन क्रमांक दोनमधला मोठा काटा तुमचा, त्याच्यावरची पाटी तुमची, आणि बहात्तर वर्षांच्या माणसावर नासधुशीचा ठपका ठेवणारा कागदही तुमचाच. आता बाकीचं ऐकून घ्या. मधे बोलू नका.

त्या माणसाला बाजारात सगळे काटेवाले म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी तराजू दुरुस्त केले. किराणावाल्यांचे, भाजीवाल्यांचे, रद्दीवाल्यांचे, आणि सोनाराचे ते नाजूक, चिमटीत धरायचे. दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. आत उभं राहिलं की डोकं आपटायचं, म्हणून गिऱ्हाईक आपोआप वाकूनच बोलायचं. वजनमापं तपासणारे अधिकारीसुद्धा कधी अडले तर त्या जिन्याखाली वाकून यायचे. पुढे आकडे दाखवणारे काटे आले आणि काटेवाल्यांचं काम संपलं. पण हाताची खोड काही गेली नाही. घरात कुठलीही पिशवी आली की ते ती तळहातावर घ्यायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि सांगायचे, "पन्नास ग्रॅम कमी आहे."

मग सुनेला परत दुकानात जावं लागायचं.

हे पुढचं सगळं त्या सुनेच्या डोळ्यांदेखत घडलं. ती एका हॉस्पिटलात, रुग्ण दाखल करून घ्यायच्या खिडकीवर बसते. दिवसाला दीडशे माणसांपुढे कागद सरकवते. इथे सही, इथे सही, आणि मागे एक. कोणी वाचायला लागलं की मागची रांग चुळबुळते, मग तीच सांगते की वाचण्यासारखं काही नाही हो, नेहमीचंच आहे. खोटं नाही बोलत ती. बहुतेक वेळा नेहमीचंच असतं.

अकरा वर्षं ती त्या घरात होती. सासऱ्यांशी तिचं भांडण नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. दिवसभर लोकांच्या कागदांशी झुंजून घरी यावं, पिशवी खाली टेकवावी, आणि म्हाताऱ्याने ती उचलून 'कमी आहे' म्हणावं, हे तिला नकोसं व्हायचं. पन्नास ग्रॅम साखरेसाठी दुकानदाराच्या तोंडाला लागायचं म्हणजे लाजच की. एकदा तर तिने परत जायचं नाटक केलं, कोपऱ्यापर्यंत जाऊन दहा मिनिटं उभी राहिली आणि तीच पिशवी घेऊन आली. काटेवाल्यांनी ती हातात घेतली, तिच्याकडे बघितलं आणि काही न बोलता आत नेऊन ठेवली. त्यानंतर तीन दिवस तिला त्यांच्याकडे सरळ बघवेना.

नवरा दूरच्या बांधकामांवर क्रेन चालवतो, दोन महिन्यांतून एकदा घरी येतो. त्यामुळे घरात माणसं तीन. काटेवाले, सून, आणि आठ वर्षांची भुंगा. ही पोरगी सतत काहीतरी गुणगुणत असते, जेवतानासुद्धा, म्हणून बापाने ठेवलेलं नाव. शाळेच्या दाखल्यावर वेगळं आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती मागे वळून बघतच नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी काटेवाल्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि वाचा, दोन्ही एकदमच गेली. जीव वाचला, पाय हळूहळू परत आले. काठी घेऊन चालायला लागले. पण बोलणं म्हणजे नुसतं 'हं' आणि 'नको'. उजवा हात मांडीवर पडलेला असायचा, जणू दुसऱ्या कोणाचा हातमोजा विसरून राहिलाय. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो मांडीवरून घरंगळून पलंगाखाली जायचा, भुंगा रांगत जाऊन काढून आणायची, की पुन्हा घरंगळायचा. त्या बाईंनी शेवटी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं, हात बरा व्हायला मनाची ओढ लागते, ती यांच्यात दिसत नाही. डावा हात तर धडधाकट होता. पण त्यानेही त्यांनी नऊ महिन्यांत कुठली पिशवी उचलली नाही.

आणि सुनेला कळेना की आपल्याला चुकल्याचुकल्यासारखं का होतंय. दुकानातून आणलेली पिशवी ती ओट्यावर ठेवायची आणि क्षणभर थांबायची. कोणी काही बोलायचं नाही.

विज्ञानघराचा पास भुंगाच्या शाळेने दिला. दर रविवारी, वर्षभर, एका मुलासोबत दोन मोठी माणसं. मुलाशिवाय मोठ्यांना प्रवेश नाही. सासऱ्यांना एकटं घरी ठेवायची सोय नव्हती, म्हणून त्यांनाही न्यायचं ठरलं, एवढंच. बाकी कोणाच्या मनात काही नव्हतं.

तुमच्या दारावर पाटी आहे, साहेब. हातभर उंच अक्षरं. 'इथे सगळ्याला हात लावा. ऐकून विश्वास ठेवू नका, करून बघा.' भुंगाने ती मोठ्याने वाचली आणि लगेच पाटीलाच हात लावला.

आत नुसती धमाल. दोरी ओढून स्वतःच स्वतःला वर उचलायची खुर्ची. आपली सावली मागे ठेवून निघून जाता येईल अशी भिंत. दालनाच्या दोन टोकांना समोरासमोर दोन भल्यामोठ्या तबकड्या, एकीच्या तोंडाशी कुजबुजलं की दुसरीपाशी कानात बोलल्यासारखं ऐकू येतं. मुलं एका खेळावरून दुसऱ्यावर नुसती फेकल्यासारखी जात होती, आणि त्यांचे बाप पोरांना शिकवायच्या नावाखाली त्यांना बाजूला सारून स्वतःच खेळत होते. एक आजी त्या उचलायच्या खुर्चीत बसून वर गेल्या आणि खाली यायलाच तयार होईनात. नातू रडकुंडीला आला.

सुनेने सासऱ्यांना दालन दोनमधल्या बाकावर बसवलं आणि त्यांच्या पायाशी पिशव्या ठेवल्या. समोरच तो काटा होता. माणसाच्या उंचीचा खांब, त्यावर आडवी दांडी, दोन बाजूंना साखळ्यांनी टांगलेली दोन पारडी. डाव्या पारड्यावर कापसाच्या बोंडाचं चित्र, उजव्यावर लोखंडाच्या तुकड्याचं. डावीकडे उशीएवढी फुगलेली पिशवी, उजवीकडे मुठीत मावेल असा ठोकळा. वर पाटी: 'एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड? तोलून बघा.' आणि खाली बारीक अक्षरांत उत्तर, की दोन्ही सारखंच.

लोखंडाचं पारडं मात्र चांगलं चार बोटं खाली होतं.

भुंगाने पिशवी उचलली, परत ठेवली, ठोकळा उचलला, परत ठेवला. पारडं चार बोटं खाली ते खालीच. ती म्हणाली, लोखंड जड. तिथे निळा सदरा घातलेली, गळ्यात शिट्टी अडकवलेली एक मदतनीस मुलगी होती. पोरं धावाधाव करायला लागली की ती शिट्टी वाजवायची. ती म्हणाली, नाही बाळा, दोन्ही सारखं असतं. भुंगा म्हणाली, पण खाली गेलंय ना. शिट्टीवाली म्हणाली, जुना आहे तो, थोडा कलतो. तू पाटी वाच. पाटीवर बरोबर लिहिलंय.

नीट ऐकलंत ना, साहेब? दारावर लिहायचं ऐकून विश्वास ठेवू नका, आणि आत आल्यावर डोळ्यांना दिसतंय ते सोडून पाटी वाचायला सांगायची. त्या मुलीला बोल लावण्यात अर्थ नाही. तिला तुम्ही शिट्टी दिली होती, काटा नीट करायचा हक्क दिला नव्हता.

तेवढ्यात बाकावरचा म्हातारा उठला.

कोणी हात न देता उठला, हे सुनेच्या लक्षात यायलाही वेळ लागला. काठी बाकाला टेकवलेली तशीच राहिली होती. काटेवाले काट्यापाशी आले, डाव्या हाताने कापसाची पिशवी उचलली, डोळे मिटले. ती भुंगाकडे दिली. मग ठोकळा उचलला, डोळे मिटले, तोही भुंगाकडे दिला. भुंगा दोन्ही कवटाळून उभी. मग ते मागे सरले आणि नुसते बघत राहिले. दोन्ही पारड्यांत काहीच नव्हतं, तरी उजवं पारडं चार बोटं खाली होतं.

"आधी," काटेवाले म्हणाले. पुढचा शब्द येईना. त्यांचा जबडा हलत होता, मान ताठ झाली होती. "आधी रिकामा. खोटा आहे. काटा."

नऊ महिन्यांनंतर हे पाच शब्द. सुनेने उगीचच त्यांच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली. भुंगाने मात्र लगेच पुढचं काम केलं. कापूस उजव्या पारड्यात टाकला, लोखंड डाव्यात. कापूस खाली गेला. तिने शिट्टीवालीकडे वळून अगदी गंभीरपणे विचारलं की आता काय, कापूस जड का. शिट्टीवालीने शिट्टी तोंडाजवळ नेली आणि तशीच खाली सोडली.

त्या दिवशी घरी जाताना वाणसामान घ्यायचं होतं. घरात शिरल्यावर काटेवाल्यांनी साखरेच्या पुडीकडे हात केला. डावा नाही, उजवा. तो अर्ध्यावर आला आणि लटपटायला लागला, तेव्हा सुनेने पुडी स्वतःच त्यांच्या तळहातावर नेऊन ठेवली आणि खालून आपला हात धरला. बराच वेळ गेला. भुंगाचं गुणगुणणंसुद्धा थांबलं.

"कमी," ते म्हणाले.

सून तशीच, चपला न काढता, परत दुकानात गेली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती पन्नास ग्रॅमसाठी अशी कचाकचा भांडली. दुकानदार म्हणाला, ताई, आज एवढं काय झालंय, हसताय काय आणि भांडताय काय. तिने साखर घेतली आणि घरापर्यंत जवळजवळ पळतच आली.

पुढच्या रविवारची वाट मग भुंगापेक्षा तीच जास्त बघायला लागली. दुसऱ्या रविवारी तिने दालनातल्या अभिप्रायाच्या वहीत लिहिलं: दालन दोनमधला काटा रिकामा असतानाही उजवीकडे कलतो, कृपया दुरुस्त करावा. तिसऱ्या रविवारी पुन्हा लिहिलं, खाली फोन नंबर दिला. तुमच्याकडून उत्तर नाही. वहीत आधीची पानं उलटली तर दोन वर्षांपूर्वी कोणा शिक्षकानेही तेच लिहिलं होतं. त्याच्याखाली कोणीतरी हसरा चेहरा काढला होता.

या तीन आठवड्यांत काटेवाल्यांचे शब्द परत येत होते, एकेक, भाड्याच्या घरात सामान यावं तसे. चष्मा. गरम. भुंगा. एके दिवशी मुलाचा फोन आला तेव्हा त्याला म्हणाले, "जेवलास?" आणि पलीकडे क्रेनच्या केबिनमध्ये बसलेला तो दांडगा गडी ढसाढसा रडला. दर रविवारी ते काट्यापाशी जायचे, रिकामा करायचे, पारड्यांच्या खालून हात फिरवायचे. उजव्या पारड्याच्या तळाशी त्यांना सापडलं. शिट्टीवाली म्हणाली, सहा वर्षांपूर्वी ते पारडं तडकलं होतं आणि कोणीतरी खालून लोखंडी पत्र्याचा तुकडा जोडून वर रंग फासला होता. तेवढं वजन त्या बाजूला वाढलं. एका मिनिटाचं काम. डाव्या बाजूला तितकंच वजन घालायचं, झालं. पण जोडणाऱ्याने जोडून झाल्यावर रिकामा काटा बघितला नाही, आणि नंतर सहा वर्षं कोणीच बघितला नाही.

चौथ्या रविवारी निघताना काटेवाल्यांनी भुंगाला पलंगाखालचा पत्र्याचा डबा काढायला लावला. त्यातल्या काही पितळी चकत्या तळहातावर घेतल्या, दोन परत टाकल्या, एक बदलली. सुनेने ते पाहिलं. तिला वाटलं, जुन्या वस्तूंशी मन रमवतायत, रमवू देत. तिने विचारलं नाही.

विज्ञानघरात पोचल्यावर नवऱ्याचा फोन आला म्हणून ती खिडकीपाशी गेली. बाबा आज काय काय बोलले, ते त्याला सांगत होती. तेवढ्यात शिट्टी वाजली. लांब, थांबेचना.

ती धावली तेव्हा डावं पारडं साखळ्यांसकट जमिनीवर होतं. काटेवाल्यांनी ते आकड्यावरून उतरवून, आकड्यात चकत्या ओवल्या होत्या. उजव्या हाताने. तो हात अजून वर होता, आकडा धरून. भुंगा त्यांचा सदरा धरून उभी होती. भोवती घोळका. कोणीतरी म्हणत होतं की म्हाताऱ्याने मोडलं. दोन रखवालदारांनी त्यांना दंडाला धरून बाजूला केलं. ते मागे वळून वळून काट्याकडे बघत होते. पारडं टांगायचं राहिलं होतं.

साहेब, तुम्ही वाईट वागला नाहीत. तुम्ही पाणी दिलंत, बसायला खुर्ची दिलीत. वयाचा मान ठेवून पोलिसांना बोलावत नाही, असंही म्हणालात. मुलांच्या वस्तूंना हत्यारं लावता येत नाहीत, एक नमुना ठरलेला आहे, तेवढा भरा म्हणालात. खोटा काटा, वहीतल्या तक्रारी, सगळं सून सांगत होती. तुम्ही मान हलवत होता आणि कागद पुढे सरकवत होता. इथे सही, इथे सही, आणि मागे एक.

आणि तिने केली. न वाचता. भुंगा बाहेर रडत होती, सासऱ्यांचा श्वास फुलला होता, आणि समोर असा कागद आला की पेन कुठे टेकवायचं ते हाताला आपोआप कळतं. आयुष्यभर दुसऱ्यांना जे करायला लावलं तेच तिने केलं. नेहमीचंच असेल.

काटेवाल्यांनी डाव्या हाताने तो कागद आपल्याकडे ओढला. झटक्यानंतर त्यांचं वाचन मंद झालं होतं, एकेका अक्षरावर बोट ठेवत ते पुढे जायचे. तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. बोट सरकत सरकत 'सदर व्यक्तीने जाणीवपूर्वक नासधूस केली हे मला मान्य आहे' या ओळीपर्यंत आलं. पुढे 'यापुढे सदर व्यक्तीस आणणार नाही' असं होतं. बोट नासधूस या शब्दाखाली थांबलं. मग खाली सुनेच्या सहीवर आलं. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. आपलं माणूस समोरच्या बाजूला का जाऊन बसलंय, एवढंच त्यांना कळत नव्हतं.

घरी आल्यावर ते पुन्हा 'हं'वर आले. दुसऱ्या दिवशी 'हं'ही नाही. उजवा हात परत मांडीवर. चेंडू परत पलंगाखाली. भुंगाने सांगून बघितलं, रुसून बघितलं. सुनेने एक दिवस काय केलं, दुकानातून आणलेल्या साखरेतली दोन मुठी साखर डब्यात काढून घेतली आणि ती उणी पुडी त्यांच्या तळहातावर ठेवली. म्हणू देत कमी. त्यांनी पुडी धरली, तिच्याकडे न बघता बाजूला ठेवली, आणि भिंतीकडे तोंड केलं.

दोन आठवडे असे गेले. शेवटी एका दुपारी ती अर्धी सुटी टाकून घरी आली. भुंगा शाळेत होती. ती पलंगाजवळ खाली जमिनीवर बसली. तिने काही घोळवून ठेवलं नव्हतं.

"बाबा, मी तो कागद वाचला नाही," ती म्हणाली. "वाचायला हवा होता. तुम्ही मोडलं नाही हे मला माहीत होतं, आणि तरी मी सही केली. चुकलं माझं."

काटेवाल्यांचं तोंड भिंतीकडेच होतं. मग त्यांनी मान वळवली. तिचा हात पलंगाच्या कडेवर होता. त्यांनी आपला उजवा हात मांडीवरून उचलला, जड काहीतरी ओढून आणावं तसा, आणि तिच्या हाताखाली सरकवला. डोळे मिटले.

"कमी," ते म्हणाले.

तिला कळलं नाही.

"दोन किलो तरी. कमी झालीस." आणि थांबून, पुढचं वाक्य शोधून, "जेवत जा."

ती हसली, आणि हसता हसताच तिचं तोंड वाकडं झालं. त्यांनी हात काढून घेतला नाही. खाली रस्त्यावरून कोणीतरी सायकल हातात धरून चाललं होतं, तिच्या साखळीचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. मग त्यांनी विचारलं, दोन आठवडे जे त्यांच्या घशात अडकून होतं ते.

"काटा सरळ झाला?"

तिला माहीत नव्हतं. त्यांनाही माहीत नव्हतं. पारडं टांगायच्या आधीच त्यांना ओढून नेलं होतं. चाळीस वर्षांत एकही काटा त्यांनी असा अर्धवट सोडला नव्हता. आणि ज्या काट्याने त्यांचा हात परत आणला होता, नेमका तोच राहिला होता.

रविवारी ती दोघांना घेऊन गेली. काटेवाल्यांना फाटकाशी अडवलं. रखवालदार तोच होता, ज्याने त्या दिवशी त्यांचा दंड धरला होता. त्याने मान खाली घातली, आतून स्वतःची खुर्ची आणली आणि त्यांना सावलीत बसवलं. आत जाऊ द्यायचा हुकूम नाही म्हणाला. ते बसले.

दालन दोनमध्ये काट्याभोवती दोरी होती. दोरीला पाटी: 'हात लावू नये.' तुमच्या घरातली ही पहिली अशी पाटी असेल, साहेब, बघा आठवून. कापूस आणि लोखंड कोणीतरी उचलून नेलं होतं. दोन्ही पारडी रिकामी टांगलेली.

भुंगा दोरीबाहेर जमिनीवर पालथी झाली, हनुवटी फरशीला टेकवली, एक डोळा मिटला. सून नुसती उभी राहूनच बघत होती, पण तिला स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नव्हता.

"सरळ आहे," भुंगा जमिनीवरूनच म्हणाली. "केसभरसुद्धा नाही हललेला."

शिट्टीवाली जवळ येऊन उभी राहिली. पोरगी फरशीवर लोळत असूनही तिने शिट्टी वाजवली नाही. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली की त्या दिवशी पारडं तिनेच परत टांगलं. टांगल्याबरोबर दांडी सरळ झाली. तिने कापूस आणि लोखंड घालून बघितलं, तेव्हाही सरळ. मग वर जाऊन साहेबांना सांगितलं.

"मग काय म्हणाले?" सुनेने विचारलं.

"म्हणाले, दोरी बांध."

सुनेने भुंगाला उठवलं, फ्रॉकची धूळ झटकली आणि फाटकाकडे पिटाळलं. आजोबांना जाऊन सांग, केसभर नाही हललेला, हेच शब्द सांग. भुंगा सुसाट सुटली. जिन्याच्या खिडकीतून सुनेला फाटक दिसत होतं. तिने तिथे उभं राहून पोरीला पोचू दिलं. पोरीने हातवारे करून सांगितलं, म्हाताऱ्याने तिला पुन्हा सांगायला लावलं, मग तिसऱ्यांदा. मग उजवा हात वर गेला आणि तिच्या डोक्यावर टेकला. रखवालदार तोंड फिरवून रस्त्याकडे बघत होता.

मग ती वर तुमच्या खोलीत आली.

तुम्ही ओळखलंत तिला. पाणी मागवायला लागलात, ती नको म्हणाली. तिने आपला कागद परत मागितला. तुम्ही म्हणालात, सही झालेली आहे, तो आता दप्तरात गेला, असं परत देता येत नाही. अर्ज करा, बघू, समितीपुढे ठेवू. आवाज चढवला नाहीत. तिनेही नाही. ती म्हणाली, न वाचता केलेल्या सहीत किती दम असतो ते मला कोणी शिकवू नये, मी अशाच सह्या घ्यायच्या खिडकीवर बसते. आणि उद्यापासून माझ्या खिडकीवर प्रत्येकजण वाचून सही करील, रांग फाटकापर्यंत गेली तरी चालेल.

मग तिने पर्समधून एक कोरा कागद काढला, उलगडला, आणि तुमच्यापुढे ठेवला.

"अर्ज मी करणार नाही, साहेब. आज तुम्ही लिहायचं," ती म्हणाली. "काटा खोटा आहे हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं? आता तो सरळ उभा आहे, तो कोणी केला? आणि ज्याने केला तो खाली फाटकाबाहेर बसलाय, त्याला आत कधी घेताय? तीन ओळींचं काम आहे. सावकाश लिहा, मी वाचून बघणार आहे. तोवर इथेच बसते."